काम संपतं, पण डोक्यातून जातं का? (घरून मुद्रितशोधन-संपादन करणाऱ्यांसाठी)

अनुस्वार_कमी | २४ ऑगस्ट, रात्री १:५२

दिवाळी अंकांचा हंगाम सुरू झालाय. सध्या माझ्याकडे दोन अंक, एक जाडजूड आत्मचरित्र आणि एक पीएचडीचा प्रबंध आहे (गाईड म्हणालेत, 'फक्त भाषा बघून घ्या'). वर्तमानपत्रातली नोकरी सोडून घरून हे काम करायला लागले त्याला बरीच वर्षं झाली. तिथे रात्रपाळी होती, पण पान छपाईला सुटलं की सुटलं. गठ्ठे गाडीत चढले की आपण घरी, उद्याचं उद्या. आता पान सुटतच नाही.

शेवटचं प्रूफ पाठवलं की हुश्श व्हायला हवं ना? माझं उलट होतं. आडवी झाले की आठवतं, त्या तळटीपेतलं साल पाहिलं होतं का? उठून लॅपटॉप उघडते. साल बरोबरच असतं. पण उघडलाच आहे तर आजूबाजूची चार पानंही बघते, आणि झोप गेलेली असते. नवरा म्हणतो, 'पुस्तक आहे, बायपास नव्हे.' त्याला काय जातंय.

शिवाय दिवसच्या दिवस कुणाशी बोलणं नाही. बोलणं म्हणजे व्हॉट्सॲपवर 'ताई, झालं का?' आणि माझं 'होतंय'. काढलेल्या चुका कुणाला दिसत नाहीत, राहिलेली एक सगळ्यांना दिसते.

तर विचारायचं असं, की काम संपल्यावर ते डोक्यातून कसं काढता? की हे मलाच होतं? पैशांचं रडगाणं नको, त्यावर आधीच धागे आहेत. आणि कृपा करून इथे एकमेकांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढू नका. आपण ड्यूटीवर नाही.

पोटफोड्या_ष

'ड्यूटी' की 'ड्युटी'?

पळतो आता.

मुळा_मुठा

+१. तुम्हाला एकटीलाच होत नाही. भाचीच्या लग्नात पंगतीत बसले होते, समोर पाटी, 'बासूंदी'. पुढ्यातली बासुंदी खरंच चांगली होती म्हणतात. मला आठवत नाही.

डोक्यातून काढायचं जमत नाही, पण एक करते. काम पाठवलं की ते फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकून लॅपटॉपवरून उडवते. पेन ड्राइव्ह दुसऱ्या खोलीतल्या कपाटात, कपाटाची किल्ली सासूबाईंकडे. रात्री दोनला त्यांना उठवायची हिंमत नाही.

मडगावकर

मी मराठी आणि कोंकणी दोन्हींची प्रूफं बघतो. सकाळी एक, दुपारी दुसरी. संध्याकाळी दोन्ही नाहीत, थेट मासळी बाजार. बांगड्याला शुद्धलेखन नसतं.

खिळेजुळारी

ताई, मी १९७४ साली गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी (शिशाचे खिळे जुळवून मजकूर बसवणारा) म्हणून लागलो आणि पुढे प्रूफाच्या टेबलावर आलो. तेव्हाचं सांगतो, बघा काही कामाचं वाटतं का.

प्रूफ वाचायला दोन माणसं असत. एकाच्या हातात लेखकाचं हस्तलिखित, दुसऱ्यापुढे गॅलीचं, म्हणजे जुळवलेल्या मजकुराच्या लांब पट्टीचं, ओलसर प्रूफ. पहिला मोठ्याने वाचणार, तेही साधं नाही. 'अवतरण सुरू, मी येणार नाही, स्वल्पविराम, अवतरण पूर्ण, असे ती म्हणाली, पूर्णविराम, नवा परिच्छेद.' जोडाक्षर अवघड असेल तर फोडून सांगायचं. दुसरा पेन्सिलीने समासात खुणा करणार. घसा बसला की अदलाबदल. वाचणारा दमला की त्याच्या आवाजावरून कळायचं आणि मग चहा व्हायचा. चूक राहिली तर ती दोघांची. मालक ओरडायचा तो दोघांवर, आणि मालक खाली गेला की आम्ही दोघे मिळून मालकावर.

आता तुमचं बघा. वाचणारा माणूस गेला हे एक. पण त्याच्याबरोबर हस्तलिखितही गेलं. लेखकाने टाइप केलं तीच मूळ प्रत, तेच प्रूफ. आम्ही ताळा करायचो, म्हणजे मुळात आहे तसं छापलंय का एवढंच बघायचं. मुळातच चूक असेल तर समासात प्रश्नचिन्ह, उत्तर लेखक देणार. तिथे आमचं काम संपायचं. तुम्हाला ताळा करायला दुसरी प्रतच नाही. मग सन, सनावळ्या, नावं, व्याकरण, लेखकाचा तर्क सगळंच तुमच्यावर. काम कुठे संपतं याची रेघच कुणी मारलेली नाही, ते रात्री दोनला कसं संपेल?

अनुस्वार_कमी

काका, हे असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. रेघ नाही, खरंय.

रेवा_नागपूर

माझं थोडं वेगळं. मला चुकांपेक्षा मजकूर छळतो.

एका संस्थेसाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलाखतींचं संपादन केलं. घरातल्या कर्त्या शेतकऱ्याने जीव दिलेला, त्यांच्या बायका बोलल्या होत्या. काम काय, तर बोली तशीच ठेवायची, पाल्हाळ काढायचा, पुनरुक्ती काढायची. एकीच्या मुलाखतीत 'त्यायनं सकायी चहा घेतला' हे वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. मी सवयीने पुनरुक्तीची खूण केली. पुढच्या पानावर परत तेच, परत खूण. मग लक्षात आलं, बाई त्या चहाच्या पुढे जातच नाहीये. सगळ्या खुणा काढून टाकल्या आणि संस्थेला लिहिलं की हे असंच राहील.

नुसता वाचणारा माणूस पुस्तक मिटू शकतो. आपण तेच पान तिसऱ्यांदा वाचतो, त्यात अनुस्वार बघतो, आणि अनुस्वार बघताना आपण काही वाचत नाही आहोत असं स्वतःला सांगतो. अर्थ आत जायचा तो जातोच. आता अशी कामं घेताना आधीच सांगते, दिवसाला ठरावीक पानं आणि मध्ये दुसरं काहीतरी. त्या वेळी इयत्ता पाचवीच्या गणिताच्या स्वाध्यायाची प्रूफं मिळाली होती. नळ आणि हौदाची गणितं इतकी गोड कधी लागली नव्हती.

कोल्हापूरकर_दादा

धागाकर्तीची माफी मागून स्पष्ट लिहितो. पैशांचं रडगाणं नको म्हणालात, पण झोप त्यानेच जाते. मे महिन्यात दिलेल्या कामाचे पैसे गणपतीपर्यंत आले नाहीत तर कुठलं योगासन करू? मन रमवा, फिरायला जा, सगळं ठीक आहे. ज्या महिन्यात पैसे वेळेवर येतात त्या महिन्यात मला तळटीपा आठवत नाहीत.

मुळा_मुठा

दादा, अर्धं पटतंय. माझं एक गिऱ्हाईक आठवड्यात पैसे टाकतं. त्याच्याही कामाच्या रात्री मी जागीच असते.

प्रकाशकाचा_भाऊ

टेबलाच्या पलीकडून लिहितो. आमचं छोटं प्रकाशन आहे, बऱ्याच पुस्तकांची पहिली आवृत्ती पाचशेची. त्यात कागद, छपाई, बांधणी, विक्रेत्याचं कमिशन. विक्रेत्याकडून पैसे येणार सहा महिन्यांनी, तेही निम्मे. मुद्रितशोधकाला लगेच द्यायचे तर माझ्या खिशातून. आम्ही सगळे गाद्यांवर लोळत नाही.

आणि चूक राहिली की फोन आम्हालाही येतात. लेखकाचा येतो, मग लेखकाच्या मेहुण्याचा येतो.

कोल्हापूरकर_दादा

भाऊ, छपाईवाल्याला आगाऊ देता की नाही? कागदवाल्याला? मग थांबायचं फक्त आम्हीच का? आम्ही ओरडत नाही म्हणून.

आणि चुकांचं काढलंच आहे तर ऐका. शेवटचं प्रूफ मी तपासून पाठवलं. नंतर लेखकाला अर्पणपत्रिका बदलावीशी वाटली, डीटीपीवाल्याने ती परस्पर टाइप केली. छापून आलं तेव्हा कैलासवासी सासऱ्यांचं नाव चुकलेलं. श्रेयनामावलीत 'मुद्रितशोधन' म्हणून माझं नाव. सासरचे लोक मला शोधत होते. (तुमचं प्रकाशन नव्हे ते.)

प्रकाशकाचा_भाऊ

ते मात्र चूक. आमच्याकडे असं होत नाही असं छातीठोक सांगणार नाही.

हिशोबनीस

धाग्यावर वाचनमात्र होतो, पण पैशांचा विषय निघालाय म्हणून. तुमच्यापैकी किती जणांची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे? आधार आणि पॅन असलं की ऑनलाइन होते, फी शून्य. एकट्याने घरून सेवा देणारा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद करू शकतो.

फायदा असा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. करारात काहीही लिहिलं तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. पुढे गेली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. आणि प्रकाशकांना जास्त झोंबणारी गोष्ट म्हणजे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं ४३बी(एच) कलम. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून, मुदतीत न दिलेली रक्कम ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. मार्चअखेर त्यांचा सीए स्वतःच फोन करतो, 'यांचे देऊन टाका'. पण त्यासाठी तुमच्या बिलावर उद्यम क्रमांक हवा. काम देण्याआधी नोंदणी करा, थकल्यावर करून उपयोग नाही.

कोल्हापूरकर_दादा

वाखूसा (वाचनखूण साठवली). पण हिशोबनीस साहेब, तक्रार केली की पुढच्या दिवाळीला फोन येत नाही.

हिशोबनीस

म्हणूनच तक्रारीचं शेवटी लिहिलं. बिलाच्या तळाशी क्रमांक आणि '४५ दिवस' एवढी ओळ टाका. भांडण नाही, नुसती छापील ओळ. तिचं काम ती करते.

टेम्स_काठी

इंग्रजी मजकुराचं संपादन करते, लंडनजवळ असते. इथे सीआयईपी म्हणून संपादक-मुद्रितशोधकांची सनदी संस्था आहे. ती किमान दर सुचवते. बंधनकारक नाहीत, पण गिऱ्हाइकाला दाखवायला छापील आकडा हातात असतो. गावोगावी सदस्यांचे गट आहेत, भेटतात, कामाबद्दल कुरकुरतात. मला या कुरकुरीचाच जास्त उपयोग झाला. एकटेपणा मात्र इथेही तोच, फक्त बाहेर पाऊस जास्त.

पोटफोड्या_ष

आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा आला. पानाचा दर मात्र अजून प्राकृतच.

मुळा_मुठा

अवांतर: त्याच दिवशी प्राकृतलाही अभिजात दर्जा मिळाला.

पोटफोड्या_ष

मग पाली म्हणतो.

मुळा_मुठा

पालीलाही.

पोटफोड्या_ष

या धाग्यावर विनोद करायचीही सोय राहिली नाही.

मशीनची_मावशी

माझ्या झोपेचं खोबरं वेगळ्याच कारणाने झालंय. हल्ली निम्मं काम 'मशीनने केलंय, फक्त एक नजर टाका' म्हणून येतं. दर मुद्रितशोधनाचा, काम भाषांतराचं.

पूर्वी कच्चा भाषांतरकार चुकला की वाक्यच अडखळायचं, आपण तिथे थांबायचो. आता वाक्य इतकं गुळगुळीत असतं की नजर घसरत जाते. कीटकनाशकाच्या माहितीपत्रकात 'पीक फुलोऱ्यात असताना फवारणी करू नये' यातला नकारच गळला होता. 'फुलोऱ्यात असताना फवारणी करावी.' व्याकरण चोख, विरामचिन्हं जागेवर. इंग्रजी मजकूर शेजारी उघडा होता म्हणून सापडलं. एखाद्याने खरंच 'एक नजर' टाकली असती तर मधमाश्या गेल्या असत्या आणि शेतकऱ्याने दोष त्या वर्षीच्या पावसाला दिला असता.

तेव्हापासून अटच घातली. मूळ मजकूर दिल्याशिवाय फाइल उघडणार नाही, आणि दर भाषांतराच्या जवळपास. दोन गिऱ्हाइकं गेली. राहिलेल्यांचं काम करताना छातीत धडधडत नाही. काका म्हणतात ती दुसरी प्रत, ती मागून घ्यायला शिका.

मनाचिये_गुंती

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात आहे. धागाकर्तीने लिहिलंय त्यात एक गोष्ट ओळखीची वाटली म्हणून. शंका येते, उठून बघता, बरोबर निघतं, हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्याचीच सवय लागते. पुढच्या रात्री मन तीच सुटका मागतं, शंका फक्त निमित्त. म्हणून 'एकदाच बघते'ने प्रश्न सुटत नाही. सासूबाईंकडे किल्ली ठेवणाऱ्या ताईंनी नकळत बरोबर जागी बोट ठेवलंय. शंका येऊ द्यायची, पण उठायचं नाही. सुरुवातीला फार अस्वस्थ होतं, मग ओसरतं. शंका कागदावर लिहून सकाळी कामाच्या वेळेत बघितलीत तर चालेल.

मात्र झोप आठवडेच्या आठवडे बिघडली असेल, कामाशिवायच्या गोष्टींतही हेच व्हायला लागलं असेल किंवा सगळंच निरर्थक वाटत असेल तर धाग्यावर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. रेवाताईंसारखं काम करणाऱ्यांनी तर जवळ लिहूनच ठेवावा.

नवशिका

एम.ए. मराठी झालंय. या कामात यायचा विचार होता, हा धागा वाचून घाबरलोय. यावं का?

प्रकाशकाचा_भाऊ

या. चांगली माणसं मिळत नाहीत.

कोल्हापूरकर_दादा

आधी उद्यम नोंदणी करा, मग या.

मुळा_मुठा

या हो. दादांचं मनावर घेऊ नका. शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ चे पुढचे चार, सगळे मिळून एका दुपारी वाचून होतात. कुठे हात लावायचा नाही हे कळायला मात्र वर्षं जातात. वऱ्हाडी म्हातारीच्या तोंडी सदाशिव पेठ घालणारे नवे लोक बघते तेव्हा वाटतं, यांना आधी सहा महिने नुसतं ऐकायला बसवावं.

पण खरं सांगू? चांगल्या लेखकाचा मजकूर छापण्याआधी आपल्या टेबलावर येतो. एखादं वाक्य जरा लंगडतंय असं आपण कळवतो, आणि तो त्याच्या जागी असं काही पाठवतो की आपण खुर्चीत सरळ होऊन बसतो. हे पानाच्या दरात धरलेलं नसतं.

पोटफोड्या_ष

धरू पण नका, कापून घेतील.

अनुस्वार_कमी | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

धागा वर काढतेय. अंक बाजारात आले, फराळ संपला.

काय काय केलं ते सांगते. मुळा_मुठा आणि मी फोन लावून वाचायला लागलो. शीर्षकं, नावं, सनावळ्या, कवितांची पानं आणि मलपृष्ठ एवढंच, सगळं पुस्तक करत बसलो तर दिवाळीच काय, शिमगाही गेला असता. एक वाचते, दुसरी बघते. पहिल्या दिवशी हसूच येत होतं, 'उद्गारचिन्ह' असं मोठ्याने ओरडताना शेजारीण दारात आली. पण एका अंकाच्या अनुक्रमणिकेत लेखिकेचं आडनाव आतल्या पानापेक्षा वेगळं होतं, ते कानाला कळलं. डोळ्याने मी ते दोनदा सोडलं असतं.

दुसरं, शेवटची फाइल पाठवताना आता मेलमध्येच लिहिते, 'ही फाइल या वेळी तपासून पाठवली आहे. यानंतरचे बदल मला दाखवल्याशिवाय छापू नयेत.' एका संपादकांना राग आला. बाकीच्यांनी 'ओके ताई' म्हटलं. रेघ दुसरं कुणी मारत नाही, मग मीच मारली.

रात्री उठणं कमी झालंय, बंद नाही. प्रबंधाच्या वेळी संदर्भसूचीपायी परत दोन रात्री गेल्या. १४४१६ ला फोन केला नाही, पण लिहून ठेवलाय.

आणि रडगाणं नको म्हणाले होते, तर मीच गाते. एका अंकाचे पैसे आलेले नाहीत. हिशोबनीस, पुढच्या बिलापासून ती ओळ टाकतेय.

हिशोबनीस

४५ दिवस मोजायला कॅलेंडरवर खूण करा. आणि 'पुढच्या बिलापासून' का? नोंदणी झाली असेल तर आत्ता हातात असलेल्या कामापासून.

खिळेजुळारी

ताई, वाचून बरं वाटलं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता बारीक टाइपही दिसतो. घरात बसून सीरियल ऐकण्यापेक्षा वाचायला मी येतो तुमच्यात. सोमवार आणि गुरुवार, दुपारी चारनंतर. पैसे नकोत. पण मी जोडाक्षरं फोडून वाचणार, घाई चालणार नाही.

नवशिका

काका, मी फोनवर नुसतं ऐकायला बसलो तर चालेल?

खिळेजुळारी

नुसतं नाही. प्रिंट काढून पेन्सिल घेऊन बसायचं.

अनुस्वार_कमी

काका, पण ते आत्मचरित्र अजून चालूच आहे. लेखकांनी दोन प्रकरणं नव्याने पाठवलीत. ४१२ पानं झाली.

खिळेजुळारी

चालेल. मेहुणा आहे का त्यांना?